दाखल क्रमांक

ऑक्टोबरची अखेर. सेंट जॉन्स.
धुकं हॉटेलच्या दारापर्यंत येऊन थबकलेलं,
आणि आत आम्ही, गळ्यात आपापली नावं अडकवून :
एका खोलीचे, दीड खोलीचे, बंद पडलेल्या शाळेचे राखणदार.
अ‍ॅम्बी लंड्रिगन, दीपगृहाच्या एकशे अठरा पायऱ्यांचा.
मी, समुद्राखालून आलेल्या तारेच्या टोकाचा,
जिथून आता कुणी कुणाला काही कळवत नाही.
आणि डल्सी टिझर्ड, पिंचर्स रीचच्या मीठघराची.
तिच्या कोटाच्या खिशात किल्ली होती.
कुणाकडे ठेवून यावी, असं गावात कुणी उरलं नव्हतं.

आदल्या दिवशी आम्हाला शिकवलं होतं
सरकारशी कसं बोलावं ते :
रडगाणं नको. डोळ्यांत बघा. एकच गोष्ट सांगा.
‘अर्थव्यवस्था’ हा शब्द दोनदा तरी आलाच पाहिजे.
आम्ही जोड्या लावून सराव केला.
अ‍ॅम्बी झाला मंत्री, मी झालो अ‍ॅम्बी,
आणि मंत्री झाल्या झाल्या अ‍ॅम्बीनं घड्याळ बघितलं.

विधानभवनात सात मिनिटं मिळाली.
समोरचे गृहस्थ सभ्य होते. चहाचं विचारलं.
मग म्हणाले, वर्षाला माणसं किती येतात?

दोनशे अकरा, डल्सी म्हणाली.
त्यातली चाळीस फक्त शौचालय शोधत.
पण हात धुऊन झाले की तीही रेंगाळतात,
मिठाच्या फावड्याला हात लावू का, विचारतात.
जुलैत टोरांटोहून एक बाई आली.
खतावणीत तिला आजोबा सापडले :
मीठ, तीन पोती, उधार. बाकी येणे.
बाई बराच वेळ पानावर वाकून उभी होती.
मग पर्स उघडून तिनं चाळीस डॉलर टेबलावर ठेवले,
आणि पावतीसुद्धा न घेता गेली.
मी तेव्हापासून तुमच्या खात्याला विचारतेय,
हे पैसे कुठल्या शीर्षाखाली जमा करू?

गृहस्थांनी लिहून घेतलं.
काय लिहिलं ते मला उलटं दिसत होतं :
चाळीस, आणि पुढे प्रश्नचिन्ह.
अर्थव्यवस्था हा शब्द राहूनच गेला.

संध्याकाळी गोल टेबलं, पांढरे रुमाल, कॉड मासा,
आमच्यातल्या निम्म्यांच्या बापांनी पकडलेला,
आता कुठून येतो कोण जाणे.
नवं नाव नोंदवलेल्यांना टाळ्या,
गेलेल्यांसाठी एक मिनिट.
मग तीस वर्षांच्या सेवेबद्दल
“टिझार्ड”, असं माइक म्हणाला,
आणि ती उठली, चुकीच्या नावाला ओ देत.

त्याच वेळी खिडकीवर पाऊस वाजायला लागला.
तिनं मंचावरून आधी खिडकीकडे बघितलं, मग लोकांकडे.
मीठघराच्या छताला भोक आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक,
आठ वर्षांच्या आठ अर्जांत ते आहे,
दर वर्षी थोडं मोठं.
भाषण तिनं एवढंच केलं :
मोठी बादली ठेवून आलेय. बघू.

काचेचं मानचिन्ह. लाट असेल, किंवा शीड.
हातात घेताच तिनं ते उलटं केलं, बुडाशी बघितलं.
लोक हसले. त्यांना वाटलं, किंमत बघतेय.
आम्ही नाही हसलो.
वस्तू हाती आली की आम्हीही तेच करतो,
आधी नंबर शोधतो.
नंबर नव्हता.

नोव्हेंबरात तिचं पत्र आलं,
नोंदवहीच्या एका पानाची नक्कल, पेन्सिलीतली.

चौदा. काच. आकार, लाट किंवा शीड.
देणार, संघटना.
अवस्था चांगली. डाव्या कोपऱ्याला टवका, बसमध्ये गेलेला.
उपयोग, अद्याप कळलेला नाही.

आणि खाली, तिच्या तिरक्या अक्षरात :
बादली काठोकाठ होती. सांडली नव्हती.
खात्याचं उत्तर नाही.
चाळीस डॉलर पाकिटातच आहेत.
पाकिटाला नंबर दिलाय, पंधरा.